खड्डा न पाडता पडलेली फळं

११ ऑक्टोबर

आई पिरारुकू माशाच्या वाळलेल्या जिभेवर कास्तान्या, म्हणजे आमच्या रानातल्या टणक फळांतल्या बिया, किसायची. जीभ वीतभर लांब, हाडासारखी कडक आणि कानशीसारखी खरखरीत. मी नऊ वर्षांची होते, माझा भाऊ देओदातो पाचचा. किसाचं दूध फडक्यातून पिळून झालं की उरलेला चोथा आमचा, आणि त्यावरून रोज भांडण. एका सकाळी त्यानं आपला वाटा संपवला आणि माझ्या मुठीकडे बघत बसला. मी मूठ उघडली. त्यानं निम्माच चोथा घेतला आणि उरलेला माझ्या तळहातावर बोटानं दाबून बसवला, सांडू नये म्हणून. त्या दिवशी आणखी काही घडलं नाही. आईनं वर पाहिलंसुद्धा नाही.

हे आज मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण आज मला त्याची होडी बुडवावीशी वाटते आहे.

जमीन कचेरीचं पत्र आलं. ओढ्याच्या या काठावरच्या कास्तान्येच्या ज्या राया अजून फळतात त्या राया म्हणून राहतील, ज्या वांझ झाल्या त्या कुरणाला जोडल्या जातील. पाहणीला बाई येणार आहे. आठ वर्षांपूर्वी देओदातोनं पलीकडच्या काठावरचं आपल्या वाट्याचं रान गुरंवाल्याला विकलं नसतं, तर इथे कुरण हा शब्दच आला नसता. कास्तान्येची झाडं तोडायला कायद्यानं बंदी, म्हणून तेवढी ठेवली. मिरवणूक निघून गेल्यावर चौकात राहिलेल्या म्हाताऱ्यांसारखी ती गवतात एकेकटी उभी आहेत. फुलतात, पण फळत नाहीत. नाझारेच्या मूत्रपिंडाच्या ऑपरेशनचं निमित्त सांगितलं होतं त्यानं. त्याची ती बायको आज माझ्यापेक्षा ठणठणीत आहे, मचव्यावर सरळ उडी मारून चढते.

आठ वर्षं मी त्याच्याशी बोललेले नाही. पुढेही बोलणार नाही.

१८ ऑक्टोबर

पाहणीची बाई आली. जुसारा तिचं नाव, बेलेम शहरातली, झाडांचं शिकलेली. मी शाळेत शिकवायचे त्या मुलींएवढी दिसते. गळ्यात दुर्बीण, पायात पुरुषी बूट.

रात्रीच्या फुलांचा सडा मी नुकताच झाडून एका बाजूला केला होता. माझी राई तिनं बघावी अशी माझी इच्छा होती, खोटं कशाला लिहू? अकरा झाडं, आणि त्यांच्याखाली चर्चच्या फरशीसारखी स्वच्छ काळी माती. वेल नाही, झुडूप नाही, कुजकं लाकूड नाही. आई गेल्यावर राई माझ्याकडे आली, तेव्हापासून वीस वर्षं मी ती अशीच ठेवली आहे, आईच्या आठवणीसाठी. सांतारेमच्या नन्सच्या शाळेत सिस्टर अपोलोनिया म्हणायच्या, अंगण बघून घरातल्या बाईचं मन कळतं.

“किती स्वच्छ!” जुसारा म्हणाली. पण कौतुक ऐकून मी हसले, तेव्हा ती हसत नव्हती.

तिनं एक फूल उचललं. फिकट पिवळं, जाड पाकळ्यांचं, आणि मधोमध ते घट्ट वळलेलं टोपण. नखानं टोपण उचलायला लागली तर नखच दुमडलं.

“ओतिलियाबाई, हे कोण उघडतं?”

“मला परीक्षा? चित्रकलेच्या वहीत हे फूल मी बारा वेळा काढलंय. मोठा भुंगा उघडतो. बारक्या माश्यांच्या अंगात तेवढं बळ नसतं.”

“आणि इथे भुंगे कुठे राहतात?”

“रानात. ते काय माझ्याकडे भाडं भरतात?”

हसली. मग ‘धर्मआई’खाली उताणी पडून तासभर दुर्बिणीतून वर बघत राहिली. ‘धर्मआई’ हे आईनं आमच्या सगळ्यांत थोर झाडाला दिलेलं नाव. देओदातोची झोळी त्याच्याच मुळाला बांधायची. चार माणसांनी हात जोडले तरी कवेत येत नाही.

उठून म्हणाली, “बाई, फळ पिकायला सव्वा वर्ष लागतं. म्हणजे जानेवारीत जी पडायची ती आत्ता फांदीवर संत्र्याएवढी दिसायला हवीत. मला एकही दिसत नाही.”

“गेल्या वर्षी या एका झाडाखाली मी एकवीस वेचली. स्वतःच्या हातानं.”

“एकवीस?”

“एकवीस. उंची बघ की पोरी! तुझ्या त्या खेळण्याला काय दिसणार?”

ती वहीत काहीतरी लिहीत राहिली. जाताना, जानेवारीत फळं मोजायला परत येते म्हणाली आणि विचारलं, पडलेली लाकडं कुठे टाकता? जाळते, म्हटलं, दर सप्टेंबरात. पुन्हा लिहिलं. तिच्या त्या लिहिण्याचा मला फार राग आला.

२ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. आईच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला गेले, तर देओदातो आधीच आलेला. गवत उपटून ठेवलं होतं, तेही मुळासकट. त्याला मुळं कधी सोडवत नाहीत.

मी नाझारेला म्हटलं, “सांग त्याला, आईला पिवळ्या मेणबत्त्या आवडत नव्हत्या.”

नाझारे म्हणाली, “अहो, पिवळ्या आवडत नव्हत्या म्हणे.”

“सांग तिला, दुकानात पांढऱ्या संपल्या. सगळ्या तिनंच नेल्या.”

“संपल्या म्हणे.”

“ऐकू येतंय मला!”

“मग मला मधे कशाला उभं केलंय दोघांनी?” नाझारे म्हणाली. “त्या मेलेल्या बाईला तरी लाज वाटत असेल.”

तो हसला. हसताना त्याचा खालचा दात दिसतो, तो आठव्या वर्षी माझ्याच कोपरानं तुटला होता. मी तोंड फिरवलं. निघताना तो नाझारेकडे बघून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाला, “यंदा ताईच्या राईतली मोजणी कधी आहे गं?”

त्याला काय करायचंय? कुरण वाढलं की गुरंवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं असेल.

२९ नोव्हेंबर

दाताळ्याचा दांडा मोडला. नवा बसवेपर्यंत दोन दिवस राई झाडता आली नाही. बेचैन आहे.

९ जानेवारी

आली! धर्मआईखाली सात, तिच्या शेजारणीखाली चार. काल वारा नव्हता, पाऊस नव्हता. एरवी फळ पडलं की तोफ सुटल्यासारखा आवाज होतो, कोंबड्या ओरडतात. हल्लीच्या वर्षांसारखं कालही मला काही ऐकू आलं नाही, कान मंद झाले असतील. देवानं हातानं खाली ठेवल्यासारखी फळं मातीवर अलगद पडलेली, एकाही फळाखाली खड्डा नाही, हे यंदाच माझ्या लक्षात आलं. एवढ्या उंचीवरून दगडासारखं जड फळ येतं आणि मातीला ओरखडासुद्धा नाही! सिस्टर अपोलोनियांनी याला कृपा म्हटलं असतं.

ओढ्यात धुतली. एकदोन फळांना लाल चिखल चिकटला होता. आपली माती काळी. पावसानं कुठून तरी आणला असेल.

जुसाराची दुर्बीण डोळ्यांपुढे आली आणि मी एकटीच हसले.

एक जुनी गोष्ट आठवली. सतराव्या वर्षी मी शाळेतून घरी आले, तेव्हा आई फळं वेचून झाल्यावर प्रत्येक झाडाच्या मुळाशी एक फळ मुद्दाम ठेवायची. “अगूतीचा वाटा,” म्हणायची. अगूती म्हणजे तो सशाएवढा, उंदरासारख्या तोंडाचा प्राणी. एवढं टणक फळ फक्त त्याच्याच दातांनी फुटतं. मी म्हटलं होतं, आई, हे अडाण्यांचं खूळ आहे, देव उंदरांना नैवेद्य मागत नाही. पुढच्या वर्षापासून तिनं फळ ठेवणं सोडलं. ती गोष्ट आजच का आठवावी, कळत नाही. आईचा चेहराही आठवला.

१६ जानेवारी

आणखी आठ. एकूण एकोणीस. पुन्हा शांत रात्र, पुन्हा एकही खड्डा नाही.

२४ जानेवारी

रागात लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

जुसारा आली. फळांचा ढीग तिला मी मुद्दाम ओसरीवर मांडून दाखवला. तिनं एक उचललं, फिरवलं, वास घेतला. मग राईत जाऊन माती बघत फिरली.

“बाई, ही कुठे पडली होती?”

“तू उभी आहेस तिथे.”

“खड्डा कुठाय?”

मी पायानं माती सारखी केली.

“ही तुमच्या झाडांची नाहीत,” ती म्हणाली. आवाज अगदी मऊ होता, म्हणून अधिक राग आला. “वर फळंच नव्हती. कुणीतरी आणून ठेवतंय. तुमच्या झाडांना काही रोग नाही, चांगली फुलतात. पण भुंगा येत नाही. भुंगा कुजक्या ओंडक्यात भोक पाडून राहतो. झाड फुलतं तीन महिने. बाकीचे नऊ महिने तो वेलींवर, झुडपांवर, तुम्ही ज्याला गवत म्हणता त्याच्या फुलांवर जगतो. इथे त्याला राहायला लाकूड नाही आणि खायला फूल नाही.”

“म्हणजे माझी स्वच्छता पाप आहे?”

“पाप नाही म्हणाले मी.”

“पलीकडे जाऊन ते कुरण बघ! भुंगे तिथे मेले. माझ्या भावानं मारले!”

“कुरणानं मारलेच, तोवर तुम्हाला तिकडचे पुरत होते. पण या काठावर, वरच्या अंगाला, अजून रान आहे. तिथून भुंगे येऊ शकतात. तुमच्या राईच्या कडेपर्यंत येतात आणि परत जातात. मी बघितलं.”

सात फेब्रुवारीला शेवटची मोजणी करेन, तोवर वरच्या राया बघते, म्हणाली. मला कळायचं ते कळलं. अशी खोटी फळं कोण आणून ठेवणार? या ओढ्यावर असा एकच माणूस आहे, ज्याला माझी राई वांझ ठरायला हवी. आधी फळं ठेवायची, मग पाहणीत खोटेपणा उघडा पाडायचा. शाळामास्तरीण ओतिलिया, लबाड! मी तिथल्या तिथे कचेरीला पत्र लिहिलं, की माझा भाऊ देओदातो फेरेइरा हा मला बदनाम करण्यासाठी माझ्या राईत चोरून फळं ठेवतो. त्याची चौकशी व्हावी. बंद पाकीट जुसाराच्या हातात दिलं.

ती गेल्यावर एकोणीसच्या एकोणीस फळं ओढ्याच्या खोल डोहात फेकली. एकेक. प्रत्येक फळाला एक शिवी दिली. नन्सनी शिकवलेल्या शब्दांत शिव्या नाहीत, त्यामुळे मला नावाड्यांच्या वापराव्या लागल्या.

२ फेब्रुवारी

दोन दिवस वारा आहे. अशा वाऱ्यात कास्तान्येच्या रानात कुणी पाय ठेवत नाही. हे इथे चालायला लागलेल्या पोराला कळतं.

दुपारी जुसाराची होडी आली. तळाशी देओदातो पडला होता, खांदा चेचलेला, ओठ पांढरे. वरच्या रानात सापडला, एका झाडाखाली, पाठीला टोपली. टोपलीत फळं होती. त्या रानातली माती लाल आहे.

डोक्यावर पडलं असतं तर उरला नसता. चार बोटांनी वाचला.

४ फेब्रुवारी

गेले त्याच्या घरी. आठ वर्षांत पहिल्यांदा ते दार ओलांडलं. नाझारेनं चुलीवरून नजर वर केली नाही.

“सहा वर्षं,” ती म्हणाली. “सहा वर्षं हा माणूस दर जानेवारीत वर जातो, तुमच्यासाठी फळं वेचतो आणि पहाटे तुमच्या झाडांखाली नेऊन ठेवतो. मी म्हटलं, सांगून टाका. तर म्हणाला, ताई मरेल. परवा तुमची ओसरी रिकामी दिसली. त्याला वाटलं फळं डुकरांनी नेली, मोजणीला शून्य येईल. म्हणून वाऱ्यात गेला.”

मी आतल्या खोलीत गेले. तो झोळीत पडला होता, खांदा बांधलेला. आठ वर्षांचा राग तोंडाशी आला आणि त्यातलं भलतंच वाक्य बाहेर पडलं. “वाऱ्यात रानात जातं का कुणी? गाढवा!”

“आलीस,” तो म्हणाला. “बस. स्टूल तुझ्यासारखंच आहे, एक पाय वाकडा.”

“कशाला केलंस हे?”

“पहिल्या वर्षी फळ नाही आलं, तेव्हा तू दिवसभर धर्मआईखाली वर बघत उभी होतीस. जेवायलाही गेली नाहीस. मी होडीतून बघत होतो. मला नाही बघवलं.”

“आणि रान विकताना बघवलं?”

त्यानं नाझारेकडे पाहिलं, तिच्या बरगडीखालच्या बाजूकडे. ती पाण्याची कळशी उचलून बाहेर गेली, ताठ. ती इतकी ताठ कशी चालते, हे आठ वर्षांत मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

“ताई, एक सांगू?” तो हसायला लागला आणि खांद्यामुळे कण्हला. “तू एवढं झाडून ठेवतेस की पावलं लपवायला जागा नाही. मला दरवेळी फांदीनं माती सारवत उलटं चालत यावं लागायचं. एकदा ओढ्यातच पडलो.”

“फळं का गेली, तुला माहीत होतं?”

तो झोळीची दोरी चाचपत राहिला.

“दातो!”

“आई सांगायची. भुंग्यांचे ओंडके हलवू नका म्हणायची. खालची झुडपं राहू द्या म्हणायची. तू शाळेतून शिकून आलीस, मग ती तुझ्यासमोर असलं बोलायची नाही. माझ्यापाशी बोलायची.”

मी ओरडले. शेजारच्या घरापर्यंत गेलं असेल. सहा वर्षं मला झाडू दिलंस! सहा वर्षं त्या दाताळ्यानं मी माझीच झाडं वांझ करत होते आणि तू उलटं चालत होतास! एक वाक्य, दातो, एका वाक्यात सांगता आलं असतं!

“तू ऐकलं असतंस?”

मी घरी निघून आले. आता संध्याकाळ झाली आहे आणि मला अजून राग आहे. त्याच्यावर, आईवर, सिस्टर अपोलोनियांवर, त्यांच्या त्या चकचकीत अंगणावर. सगळ्यांत जास्त राग त्याच्या प्रश्नाचा, कारण त्याचं उत्तर मला माहीत आहे.

७ फेब्रुवारी

जुसारा आली. पाकीट अजून तिच्या पिशवीत होतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. दोन आठवडे वरच्या रानात होती, कचेरीत गेलीच नाही.

“द्यायचं का हे, बाई?”

मी ते घेऊन चुलीत टाकलं. मग तिच्यासमोर बसून दुसरं लिहिलं. या राईत सहा वर्षं एकही फळ आलेलं नाही. जे मोजलं गेलं ते माझ्या भावानं बाहेरून आणलेलं होतं. त्यानं ते मायेपोटी केलं. दोष राई झाडणारीचा, म्हणजे माझा. झाडं जिवंत आहेत. मुदत द्यावी. सही केली. वांझ हा शब्द स्वतःच्या अक्षरात लिहिताना पेन अडखळलं, पण लिहिला.

“असं लिहिलंत तर राई जाऊही शकते,” जुसारा म्हणाली.

“माहीत आहे. आता गप्प बस आणि कॉफी पी.”

तिनं आपल्या अहवालात लिहिलं की झाडं निरोगी आहेत, भरपूर फुलतात, वरच्या रानातून भुंगे पोचू शकतात, अट एकच, की खालची जमीन कुणी साफ करू नये.

२१ मार्च

कचेरीचं उत्तर आलं. पाच वर्षं. पाच वर्षांत फळ आलं तर राई राहील, नाही तर कुरण.

मी सहासष्ट वर्षांची आहे. आज राईत गेले. दीड महिन्यात गुडघाभर माजलं आहे. वेली, काटे, जांभळ्या फुलांचं ते कसलंसं रोपटं, जे मी आयुष्यभर उपटत आले. अजून बघवत नाही. हात आपोआप वाकतो. एका फुललेल्या वेलीवर एक भुंगा बसला होता, काळा, लठ्ठ, बेपर्वा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्याला म्हटलं, उशीर केलास. मग वाटलं, त्यानं का ऐकून घ्यावं?

पाच वर्षं मी असेन किंवा नसेन. म्हणून लिहून ठेवते. कुणाला काय द्यायचं ते असं:

घर आणि होडी नाझारेला. देओदातोला नाही, नाझारेलाच. तिची एकदा क्षमा मागायची राहिली आहे. समोर बसून मागता आली नाही, तर हे घर तिनं त्या जागी समजावं.

पिरारुकूची जीभ देओदातोला. चोथा निम्मा निम्मा करायला आता कुणी नाही, तरी त्यानं किसावं.

शाळेतली चित्रकलेची वही जुसाराला. फुलाचं टोपण सहाव्या पानावर बरं जमलं आहे.

दाताळं कुणालाच नाही. मोडून राईतच टाकावं. त्याचा लाकडी दांडा कुजू द्यावा, भुंग्याला घर होईल.

राई देओदातोनं सांभाळावी. सांभाळावी म्हणजे काहीही करू नये. पडलेलं लाकूड हलवू नये, वेल कापू नये. आणि फांदीनं माती सारवत उलटं चालायची आता गरज नाही, सरळ चालावं, पावलं उमटू द्यावीत.

आणि धर्मआईचं पहिलं फळ, आवाज करून, खड्डा पाडून पडेल ते, कुणी उचलू नये. मी असले तर मीही उचलणार नाही. ते अगूतीचं आहे. आईनं ठेवलं होतं.